फुलपाखरं, पतंग, किडे: नाव नाही कळलं तरी नोंद करून ठेवा

रुईचं_पान
नमस्कार मंडळी. इथे रोज कोणी ना कोणी फोटो टाकतं आणि खाली एकच ओळ असते, "हे कोणतं फुलपाखरू?" कोणीतरी नाव सांगतं, विचारणारा धन्यवाद म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. त्यात वाईट काही नाही, पण मला सारखं वाटतं की अर्धं काम राहूनच जातं. नावाचं काय, आज नाही कळलं तर पाच वर्षांनी कळेल, फोटो चांगला असला की कोणीतरी जाणकार सांगेलच. पण ते कुठे दिसलं, कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावर, काय करत होतं, हे त्या दिवशी लिहिलं नाही तर नंतर ते कोणालाच शोधून काढता येत नाही. म्हणून हा धागा. ओळखायचं कसं यावर बोलूच, पण नोंद कशी करायची यावर जास्त बोलूया असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात मीच करतो. नोंदीत चार गोष्टी हव्यातच: काय, कुठे, कधी आणि कोणी पाहिलं. यातली एक जरी नसली तरी नोंद लंगडी. त्यापुढे जमलं तर किती होते, नर की मादी, अंडी घालत होती का, अळी असेल तर कोणत्या झाडाची पानं खात होती, हवा कशी होती. झाडाचं नाव माहीत नसेल तर पानाचा आणि फुलाचा वेगळा फोटो काढून ठेवायचा, झाड ओळखणारे लोक पुष्कळ भेटतात.

आणि फोटो एक नको. फुलपाखराचा पंख उघडलेला एक आणि मिटलेला एक, दोन्ही हवेत. पहिला फोटो लांबूनच घ्यायचा, मग हळूहळू जवळ, कारण एकदम जवळ गेलात तर ते उडतं आणि मग हातात काहीच उरत नाही.

टाचणी
छान धागा! अगदी प्राथमिक प्रश्न विचारते. शाळेत शिकवलं होतं की बसल्यावर पंख मिटतं ते फुलपाखरू आणि पसरून बसतं तो पतंग, दिवसा दिसतं ते फुलपाखरू आणि रात्री दिसतो तो पतंग. हे कितपत खरं?

रुईचं_पान
टाचणीताई, ढोबळमानाने ठीक आहे पण त्यावर विसंबून राहू नका. ऊन खायला बसलेलं फुलपाखरू पंख पसरूनच बसतं, स्किपर नावाची छोटी फुलपाखरं तर पुढचे पंख अर्धवट उभे आणि मागचे आडवे असे विचित्र धरून बसतात, आणि पतंगांमध्ये पंख वर मिटून बसणारेही आहेत. दिवसा उडणारे पतंग तर भरपूर.

जास्त भरवशाची खूण म्हणजे मिशा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, स्किपरच्या मिशीला पुढे आकडाही असतो. पतंगाच्या मिशा एकतर सुतासारख्या टोकापर्यंत निमुळत्या नाहीतर पिसासारख्या झुपकेदार, नराच्या जास्त झुपकेदार कारण मादीचा वास त्याला त्यातूनच लागतो. यालाही अपवाद आहेत, बर्नेट नावाच्या दिवसा उडणाऱ्या पतंगांच्या मिशा टोकाला जाड असतात. आणखी एक खूण पंखांच्या बुडाशी असते. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाला एक ताठ केस किंवा केसांचा जुडगा असतो आणि तो पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकतो, त्यामुळे दोन्ही पंख एकत्र हलतात. फुलपाखरांमध्ये जवळजवळ कधीच नसतो तो. फोटोत मात्र ते दिसत नाही, त्यामुळे आपल्यासाठी मिशाच. फोटो काढताना मिशा फोकसमध्ये आल्यात का एवढं बघा.

अजून एक सांगून ठेवतो, जगात आजवर नाव दिलेल्या फुलपाखरांच्या जाती साधारण १८ हजार आहेत आणि पतंगांच्या दीड लाखाच्या वर. आपण सगळे फुलपाखरांच्या मागे धावतो आणि खरी गर्दी दिव्याभोवती असते.

रानभूल
दिवसा उडणाऱ्या पतंगांवरून. बी हॉकमॉथ बघितलाय का कोणी? सेफोनोडेस हायलास. पंख काचेसारखे आरपार, अंग हिरवट, पोटावर गडद लालसर पट्टा, आणि फुलासमोर हवेत एका जागी थांबून लांब सोंडेने रस पितो. लोक मोठी माशी किंवा भुंगा समजून सोडून देतात. कोषातून बाहेर येतो ना तेव्हा त्याचे पंख आरपार नसतातच. राखाडी खवल्यांनी भरलेले असतात, तो तासभर लटकून पंख वाळवतो, मग पंख थरथरवायला लागतो आणि पहिली भरारी घेताना सगळे खवले धुळीसारखे झडून जातात, खाली राहतो तो काचेचा पंख. कोष सांभाळून ठेवला असेल तर हे घरी बघता येतं. बघाच.

कुंभारमाशी
मी फसवणाऱ्या जोड्यांवर लिहिते कारण नोंदींमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू घ्या. नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोझसारखी आणि तिसरी क्रिमझन रोझसारखी. रोझ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, त्या वेलीतलं विष त्यांच्या अंगात साठतं म्हणून पक्षी त्यांना टाळतात, आणि मॉरमॉनची मादी, जी लिंबू-कढीपत्त्यावर वाढलेली असते आणि पक्ष्यांना खायला अगदी चालते, ती फक्त रंग उसना घेते. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकाने १८६५ साली यावर सविस्तर लिहिलंय. आणि हे सगळं एकाच जनुकामुळे घडतं, डबलसेक्स असं त्याचं नाव, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं.

आता ओळखायचं कसं? पंख बघूच नका, अंग बघा. रोझचं डोकं आणि पोट लालभडक असतं, मॉरमॉनचं काळं. एवढंच. म्हणजे अंगाचा स्पष्ट फोटो नसेल तर दोघांतलं कोणतं हे खात्रीने सांगणं अवघड होऊन बसतं, कितीही सुंदर पंख आले असले तरी.

दुसरी जोडी प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी. दोन्ही तांबूस, पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरा पट्टा. मागच्या पंखाच्या मधोमध बघायचं. प्लेन टायगरला तिथे तीन काळे ठिपके असतात, नर असेल तर चौथाही, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेला एकच. आणि रुईवर अंडी घालत असेल तर प्लेन टायगर, घोळीच्या आसपास जमिनीलगत घुटमळत असेल तर एगफ्लायची शक्यता धरा. रुईचं_पान म्हणतायत ते झाडाचं नाव लिहिणं असं कामाला येतं.

टाचणी
कुंभारमाशी, हे भारी आहे. मग त्या पिवळ्या छोट्या फुलपाखरांचं काय? सगळी एकसारखीच दिसतात मला.

कुंभारमाशी
ग्रास यलो. तिथे मिटलेल्या पंखाचाच फोटो लागतो. पुढच्या पंखाची खालची बाजू, बुडाकडचा भाग, तिथे बारीक खुणा असतात त्या मोजायच्या. कॉमन ग्रास यलोला सहसा दोन, थ्री-स्पॉटला तीन, वन-स्पॉटला एक. पण खुणा पुसटही असतात त्यामुळे स्पष्ट दिसलं नाही तर नुसतं "ग्रास यलो" लिहून थांबा.

रिंग नावाच्या तपकिरी फुलपाखरांचंही तसंच, फोररिंग, फाइव्हरिंग वगैरे, मागच्या पंखाच्या खालच्या बाजूचे डोळे मोजतात. आणि इथे तारीख किती महत्त्वाची बघा, कोरड्या ऋतूत तेच डोळे बारीक होऊन नुसते टिंब उरतात. इव्हनिंग ब्राउन तर पावसाळ्यात ठळक डोळ्यांचं आणि कोरड्या दिवसांत सुक्या पानासारखं, दोन फोटो शेजारी ठेवले तर एकच जात आहे यावर नवखा माणूस विश्वास ठेवत नाही. तारीख नसलेला फोटो असला की तपासणाऱ्याला ऋतूचाच आधार राहत नाही.

शेतकरी_पोर
मी फुलपाखरांमधला नाही, मक्यावरच्या अळ्यांमुळे या सगळ्यात आलो. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ ला सापडली, त्याआधी २०१६ ला आफ्रिकेत, मूळची अमेरिका खंडातली. आली तेव्हा बऱ्याच जणांना ती नेहमीचीच कुठलीतरी अळी वाटली. ओळख अशी करा: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय दिसतो, पण नुसत्या वायवर जाऊ नका, तो दुसऱ्या अळ्यांतही थोडाफार असतो. शेपटीकडून मोजलं की शेवटच्या आधीच्या वळ्यावर, म्हणजे पोटाच्या आठव्या भागावर, चार काळे ठिपके चौकोनात असतात. वाय आणि चौकोन दोन्ही असले तर मग तीच. फोटो काढताना वरून काढा आणि शेपटीचा भाग कापू नका, लोक तोंडाचाच फोटो पाठवतात आणि चौकोन राहतो बाहेर.

अजून एक, पाय मोजायची सवय लावा. फुलपाखरू आणि पतंगाच्या अळीला पुढे खरे पाय तीन जोड्या आणि मागे पोटाचे मऊ पाय जास्तीत जास्त पाच जोड्या. सहा किंवा जास्त जोड्या दिसल्या तर ती सॉफ्लायची अळी, गांधीलमाशीच्या नातेवाइकांची, मोहरी-मुळ्याच्या पानांवर काळपट दिसते ती. बऱ्याच औषधांचा परिणामही वेगवेगळा होतो दोघींवर, म्हणून हे फक्त हौशी लोकांसाठी नाहीये.

रुईचं_पान
शेतकरी_पोर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. एखादी नवी जात एखाद्या भागात शिरली की ती कुठपर्यंत पोचली हे त्या-त्या गावातल्या माणसाच्या तारीख-ठिकाणासकटच्या नोंदीवरूनच कळतं, दुसरा मार्गच नाही.

अंधारवाट
पतंगांसाठी लिहितो. पांढरी चादर उभी ताणून बांधायची आणि समोर दिवा. अतिनील किरणांचा दिवा मिळाला तर उत्तम, साध्या पिवळ्या एलईडीवर फार कमी येतात. अंधारी, दमट, उबदार, वारा नसलेली रात्र निवडा, चांदणं असलं की संख्या पडते. अतिनील दिव्याकडे सरळ बघत बसू नका, डोळ्याला चांगलं नाही. चादरीवर बसलेल्यांचे फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवून एखादा फोटो घ्या, पतंगाची लांबी नसेल तर बारीक जातींमध्ये काहीच ठरवता येत नाही.

ते दिव्याकडे का येतात यावर २०२४ मध्ये एक चांगला अभ्यास आला. हाय-स्पीड कॅमेऱ्याने बघितलं तर किडे दिव्याकडे झेपावत नाहीत, आपली पाठ उजेडाकडे करतात. निसर्गात रात्री वरची बाजू म्हणजे उजेडाची बाजू, आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळच असतं, त्या हिशोबाने ते आपला तोल सांभाळतात. दिवा बाजूला असला की तो हिशोब बिघडतो आणि ते त्याच्याभोवती गिरक्या घेत अडकतात. म्हणून माझी एक कळकळीची विनंती, काम झालं की दिवा बंद करा, रात्रभर ठेवू नका. आणि उजाडायच्या आत चादर हलक्या हाताने झटकून गवतात, झुडपात सोडा सगळ्यांना. नाहीतर पहाटे पक्षी येतात आणि चादर साफ करून जातात, मी बघितलंय, बघवत नाही.

बसण्याची ढब लिहून ठेवा. जिऑमेट्रिड पतंग पंख सपाट पसरून भिंतीला चिकटल्यासारखे बसतात, नॉक्टुइड मंडळी छपरासारखे उतरते ठेवतात, हॉकमॉथ मागे ओढून धरतात. ढबीवरून घराणं कळतं, आणि घराणं कळलं की अर्धी लढाई जिंकलीच समजा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर मॉथ वीक असतो, २०१२ पासून चालू आहे, सुरुवात करायची असेल तर तो आठवडा धरा.

पानगळ
हे सगळं वाचून मजा येतेय पण एक मनापासून विचारतो. आपण हौशी लोक, कोणाकडे प्रयोगशाळा नाही, कोणाकडे पदवी नाही. अशा नोंदींचा खरंच काही उपयोग होतो का, की आपलं आपल्याला समाधान?

रानभूल
पानगळ, होतो. नीट सांगतो.

वाँडरिंग ग्लायडर नावाचा पिवळसर चतुर आहे, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, पावसाळ्यात मोकळ्या जागेवर थव्याने घिरट्या घालतात ते. मालदीवमध्ये ऑक्टोबर आला की हे चतुर हजारोंनी दिसायचे. तिथे गोड्या पाण्याचे साठे जवळपास नाहीतच आणि चतुराची पिल्लं तर गोड्या पाण्यात वाढतात, मग हे येतात कुठून? चार्ल्स अँडरसन म्हणून एक सागरी जीवशास्त्रज्ञ तिथे राहत होते, चतुर हा त्यांचा विषयही नव्हता. त्यांनी दरवर्षी पहिला चतुर कोणत्या बेटावर कोणत्या तारखेला दिसला हे लिहून ठेवलं आणि वर्षानुवर्षांच्या त्या तारखांवरून २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेला जातात. नुसत्या तारखा हो!

मोनार्कचं बघा. ती फुलपाखरं हिवाळ्यात जातात कुठे हे शोधायला कॅनडात फ्रेड अर्क्वार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी अनेक वर्षं सामान्य लोकांकडून पंखांना बारीक टॅग लावून घेतले. मेक्सिकोतल्या डोंगरात १९७५ ला ती जागा सापडली, आणि पुढच्या वर्षी तिथे एक टॅग मिळाला तो मिनेसोटातल्या शाळकरी मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी लावलेला.

आणि पेंटेड लेडी या फुलपाखराची तर ताजी गोष्ट. ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाच्या समुद्रकिनाऱ्यावर पंख फाटलेली काही पेंटेड लेडी दिसली, जिथे ती राहतच नाहीत. बघणारा कीटकशास्त्रज्ञ होता हे खरं, पण त्याने तिथल्या तिथे नोंद केली, नमुने ठेवले. अंगावरचे परागकण, जनुकं, वाऱ्याची दिशा हे सगळं तपासून २०२४ ला निष्कर्ष आला की ती पश्चिम आफ्रिकेतून ४,२०० किलोमीटर अटलांटिक ओलांडून आली असावीत.

रुईचं_पान
रानभूल यांनी छान सांगितलं, मी त्यात नेहमीच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींची भर घालतो. कारण वर आलेल्या गोष्टी दुर्मिळ वाटतात आणि मग लोक दुर्मिळच शोधत बसतात.

पेपर्ड मॉथ या एरवी फिकट रंगाच्या पतंगाचा काळा प्रकार मँचेस्टरला पहिल्यांदा नोंदला गेला १८४८ साली आणि १८९५ पर्यंत तिथे जवळजवळ ९८ टक्के पतंग काळे झाले होते. हे कळलं कारण लोक तोच साधा पतंग पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. ब्रिटनमध्ये स्वयंसेवक वर्षानुवर्षं रोज रात्री प्रकाश-सापळे लावून मोजणी करतात, त्यातून १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. एकदाही कोणी दुर्मिळ जात शोधायला गेलं नसतं तरी हा आकडा मिळालाच असता, आणि नेहमीच्या जाती "काय लिहायचं त्यात" म्हणून सोडल्या असत्या तर मिळालाच नसता.

म्हणून मला विचाराल तर एक ठरलेली वाट निवडा, आठवड्यातून एकदा तीच वाट त्याच चालीने चाला, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्यात दिसणारी फुलपाखरं मोजा. पोलार्ड वॉक म्हणतात याला, १९७६ पासून ब्रिटनमध्ये याच पद्धतीने मोजणी चालू आहे आणि आता जगभर वापरतात. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. शून्य ही पण नोंद आहे, ती टाळू नका.

सांजसकाळ
मी सरळ आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या त्या संकेतस्थळावर, फोटो टाकते, ते लगेच नाव सुचवतं, मी ते घेते. एवढी मेहनत कशाला?

रुईचं_पान
टाकता हे उत्तमच. फक्त सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून घेऊ नका. यंत्र फोटोत दिसतं त्यावरून अंदाज बांधतं, आणि ज्या जातींचे फोटो जगात जास्त त्यांच्याकडे झुकतं. मॉरमॉनच्या मादीला रोझ म्हणताना पाहिलंय मी, आणि पतंगांमध्ये तर कित्येक जाती अशा आहेत की पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय किंवा डीएनए बघितल्याशिवाय कोणीच नाव सांगू शकत नाही. तिथे जाणकारसुद्धा प्रजातीवर (जीनसवर), कुळावर थांबतात. आपणही थांबावं, त्यात काही कमीपणा नाही. एखाद्या जातीच्या नावावर दोनतृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी, होते, पण ते लोक तुमच्याच मताला मान डोलवणारे असतील तर चूक तशीच पुढे जाते. कोणी का म्हणून विचारलं तर कोणती खूण बघितली ते एका ओळीत लिहा.

सांजसकाळ
पटलं. खूण लिहायची सवय लावते. अजून एक, मैत्रिणी मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात, मी त्यांच्या वतीने टाकू का?

अंधारवाट
नको, त्यांनाच टाकायला सांगा, पाहिलं त्यांनी तर नोंद त्यांची. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख आणि ठिकाणाची माहिती निघून जाते, फोटोही बारीक होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जिथे गोळा करून विकणारे लोक येऊ शकतात अशा जातींचं नेमकं ठिकाण सगळ्यांना दिसेल असं ठेवू नका, आयनॅचरलिस्टवर ते धूसर करता येतं.

पानगळ
माझ्याकडे जुने फोटो खूप आहेत, काहींची तारीखच सापडत नाही. ते टाकून द्यायचे का?

कुंभारमाशी
अजिबात नको. आधी मूळ फाइल शोधा, कॅमेऱ्याच्या कार्डावर किंवा जुन्या कॉम्प्युटरवर असेल, त्यात तारीख मिळते. नाहीच मिळाली आणि महिना किंवा वर्ष खात्रीने आठवत असेल तर तेवढंच लिहा, "जुलै, वर्ष अमुक, दिवस माहीत नाही" असं. पण रकाना भरायचा म्हणून एक जानेवारी टाकू नका. बरेच जण टाकतात, आणि मग एक जानेवारीला सगळीकडे फुलपाखरांचा पूर आल्यासारखं दिसतं आणि हंगामाचा अभ्यास करणाऱ्याला ते सगळं वेचून बाजूला काढावं लागतं. ठिकाणाचंही तसंच, नेमका बिंदू आठवत नसेल तर नकाशावर वर्तुळ मोठं करा.

पानगळ
ठीक, या रविवारी कार्डं बाहेर काढतो. तारखेसकट मिळतील ते इथेच टाकतो, अंगाचे आणि मिशांचे फोटो ज्यात नीट आलेत ते आधी.